पिंपरी ते मिरज: यीस्टच्या मागावर

सोमवार: पिंपरी, पाषाण

बेत मामांचा. वाळवा तालुक्यात उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून त्यांची हयात गेली. मी पुण्यात ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. फळ्यावर फर्मेंटरची, म्हणजे सूक्ष्मजीवांकडून आंबवून माल काढायच्या टाकीची, आकृती दरवर्षी काढते, चार रंगांच्या खडूंनी, आणि मुलं ती निमूटपणे उतरवून घेतात. "चालू फर्मेंटर बघितलायस का कधी?" असं मामांनी दिवाळीत विचारलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुट्टी जुळली. "गाळप चालू हाय तोवर चल. मार्चात बॉयलर गार झाल्यावर काय भिंती बघणार?"

सुरुवात मात्र त्यांनी उसापासून केली नाही. "आधी पिंपरीला. देशात हे काम मोठ्या टाकीत आपण शिकलो ते तिथं." मेट्रोनं पिंपरी गाठली आणि 'एचए'च्या कुंपणाला धरून चालत निघालो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. १९५५ पासून इथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. इथल्याच संशोधकांनी शोधलेल्या हॅमायसिन या बुरशीनाशकाचं नाव कंपनीच्या आद्याक्षरांवरून पडलं, आणि ते ज्या जीवाणूपासून मिळालं त्याला स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना म्हणतात. आज जिथं मॉल आणि गृहसंकुलं उठली आहेत त्या गावाचं नाव सूक्ष्मजीवशास्त्रात कायमचं नोंदलं गेलं आहे, हे माझ्या पिंपरीतल्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतं. आता सांगेन.

आत जायची परवानगी नव्हती. पण बाहेरच्या टपरीवर चहा घेताना एक निवृत्त ऑपरेटर भेटले. मामांनी दोन मिनिटांत ओळख काढली. एका धंद्यातली माणसं असतातच तशी. पेनिसिलिनच्या टाकीत हवा सतत सोडावी लागते आणि ती पूर्ण निर्जंतुक लागते. एखादा परका जीवाणू आत शिरला, तर तो पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम सोडतो आणि अख्खी टाकी गटारात. "रिपोर्ट यायच्या आधी वासावरनंच कळायचं," ते म्हणाले. "चांगल्या बॅचला बुरशीचा, दमट वास. बिघडली की आंबूस. रात्रपाळीत तो वास आला की पोटात गोळा यायचा."

मग हे सगळं थांबलं कशानं? बुरशी कमी पडली म्हणून नाही. चीननं प्रचंड क्षमतेचे कारखाने उभारले आणि त्यांचं पेनिसिलिन-जी इतक्या स्वस्तात यायला लागलं, की भारतातल्या टाक्या एकेक करत बंद पडल्या. गोळ्या आपण बनवत राहिलो, कच्चा माल बाहेरचा. २०२० मध्ये केंद्रानं अशा कच्च्या मालासाठी उत्पादनाशी जोडलेलं अनुदान जाहीर केलं, तेव्हा कुठे आंध्रात काकीनाड्याकडे पेनिसिलिन-जीचा नवा मोठा कारखाना उभा राहिला. एकदा शिकलेली गोष्ट पुन्हा शिकायला आपण इतकी वर्षं घेतली. मला याचा राग येतो. मामांना येत नाही. "दर न्हाई तिथं धंदा न्हाई," एवढंच म्हणाले आणि चहाचे पैसे दिले.

दुपारी पाषाण. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० ची. हिच्या आवारात औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, १९५१ पासून. यीस्ट, बुरशा, जीवाणू, प्रत्येकाला क्रमांक. हवा तो मागवायचा, पैसे भरायचे, कल्चर न्यायचं. मामा नोकरीला लागले तेव्हा कारखान्याचं यीस्ट इथूनच नेलं जायचं. परीक्षानळीत तिरक्या आगरवर वाढवलेलं पांढुरकं यीस्ट, तोंडाला कापसाचा बोळा, वर कागद बांधलेला. ती नळी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून मामा स्वारगेटहून एसटीनं उभ्यानं इस्लामपूरपर्यंत गेलेत. तिथं नळीतून फ्लास्कमध्ये, फ्लास्कमधून लहान टाकीत, मग मोठ्या टाकीत, असं वाढवत न्यायचं. आता बहुतेक ठिकाणी सुकं यीस्ट पाकिटातून येतं. पाकीट फोडलं की काम सुरू.

मंगळवार: मांजरी, जेजुरी, नीरा, पाडेगाव

सकाळी मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झालेली ही संस्था साखर कारखान्यांनी स्वतःसाठी काढलेली आहे. तिचा खर्च शेतकऱ्याच्या उसामागे टनाला रुपया अशा कपातीतून चालतो. ऊस उत्पादकानं आपल्या बिलातून संशोधन पोसायचं, ही कल्पना मला फार आवडली. तो रुपया नेमका कुठे जातो यावर गावोगाव वाद घालणारेही भेटतात, आणि त्यांनी तो घालावाच. इथं अल्कोहोल तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. राज्यभरच्या डिस्टिलऱ्यांत इथून शिकून गेलेले लोक सापडतात. मामांना कॉरिडॉरमध्ये तीन जणांनी वाकून नमस्कार केला, त्यामुळे निघायला उशीर झाला.

दिवे घाट चढून सासवडमार्गे जेजुरी. खंडोबाला गेलो, पण आमचं दुसरं ठिकाण जेजुरीची एमआयडीसी होतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पीएलए नावाचं जैविक प्लास्टिक बनवण्याचा चाचणी-प्रकल्प इथं २०२४ मध्ये सुरू केला. बाहेरूनच पाहिला. प्राज म्हणजे प्रमोद चौधरींनी ऐंशीच्या दशकात सुरू केलेली, डिस्टिलऱ्यांची यंत्रं बनवणारी कंपनी; आज तिनं उभारलेले प्रकल्प कित्येक देशांत आहेत. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा कारखाना, ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झालेला, दिवसाला शंभर किलोलिटर क्षमतेचा, तोही यांच्याच तंत्रावर. मामांचं त्यावरचं मत सावध आहे. मळीत, म्हणजे साखर काढून उरलेल्या पाकात, साखर आयती असते, यीस्ट थेट चरायला लागतं. पेंढ्यात ती सेल्युलोजमध्ये अडकलेली आणि त्यावर लिग्निनचं चिलखत. आधी आम्ल आणि वाफेनं ते फोडा, मग महागडी एन्झाइमं घाला, तेव्हा कुठे साखर सुटणार. "आणि पेंढा गोळा कोण करणार? त्याचा खर्च धरलाय का कुणी?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला, जणू मीच तो कारखाना काढलाय.

नीरा गावाजवळ निंबूतला ज्युबिलंटचा कारखाना रस्त्यावरून दिसतो. अल्कोहोलपासून ॲसेटिक आम्ल, ॲसेटिक अनहायड्राइड अशी रसायनं इथं होतात. ही मोठी रसायनं जगभर बहुतांशी पेट्रोलियम नाहीतर नैसर्गिक वायूपासून होतात. आपल्याकडे तेल नव्हतं, मळी होती, म्हणून उसाच्या अल्कोहोलवर रसायन उद्योग उभा राहिला. 'जैव-अर्थव्यवस्था' हा शब्द निघायच्या कितीतरी आधी. कोपरगावजवळ साकरवाडीला सोमय्यांच्या कारखान्यातही तेच चालतं.

नदी ओलांडली की पाडेगाव, १९३२ पासूनचं ऊस संशोधन केंद्र. इथला 'फुले २६५' आणि कोइमतूरचा ८६०३२ या दोन वाणांवर पश्चिम महाराष्ट्राचं अर्थकारण चालतं म्हटलं तरी चालेल. बांधावर एक शेतकरी तक्रार करत होते: २६५ वजनाला चांगला, खारपड जमिनीतही येतो, पण कारखाना त्याला तोड उशिरा देतो, कारण उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, लवकर बसत नाही. साखरेचा उतारा कमी म्हणजे ऊस कमी प्रतीचा, हा हिशेब फक्त साखर विकायची तेव्हाचा. अल्कोहोल करायचं ठरलं तर यीस्टला स्फटिक होणारी साखर आणि न होणारी साखर दोन्ही सारख्याच गोड. मामांनी हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तसा दर द्या की." याला उत्तर नव्हतं.

रात्री इस्लामपूर. रस्त्यात अख्खा मसूर आणि तंदुरी रोटी. या पट्ट्यातून जाऊन अख्खा मसूर न खाणाऱ्याशी मामा बोलत नाहीत.

बुधवार: डिस्टिलरी

सकाळी सातला गेटवर. मामांच्या ओळखीचा सहकारी कारखाना, नाव लिहीत नाही. मोबाइल, काडेपेटी, लायटर बाहेर. सही, हेल्मेट, बूट. ऊस टाकायच्या गव्हाणीसमोर ट्रॅक्टरच्या रांगा, बैलगाड्या आता मोजक्याच. हवेत रस उकळल्याचा वास, आणि डिस्टिलरीकडे वळलं की तो हळूहळू आंबट होत जातो.

आधी मळीचं गणित, कारण सगळं त्यावर आहे. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे काढतात, उरलेल्या पाकातून पुन्हा काढतात, पुन्हा उरलेल्यातून तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी जे काळं, चिकट उरतं आणि ज्यातून साखर काढणं परवडत नाही, ती सी-हेवी मळी. दुसऱ्या टप्प्यावरच थांबलं तर बी-हेवी. तिच्यात साखर जास्त राहते, म्हणजे कारखाना तेवढी साखर सोडून देतो. टनभर सी-हेवीतून साधारण २२५ लिटर इथेनॉल निघतं, बी-हेवीतून ३०० लिटर, आणि थेट रस वळवला तर टनभर उसातून ७० लिटर.

मामांच्या तरुणपणी ही मळी म्हणजे डोकेदुखी. १९६१ च्या नियंत्रण आदेशानं भाव बांधलेला, तोही किरकोळ. उघड्या खड्ड्यांत साठवायची, पावसात वाहून जायची. ते नियंत्रण १९९३ मध्ये उठलं. आज ती स्टीलच्या टाक्यांत असते आणि टाकीवर पहारा.

फर्मेंटरची इमारत तीन मजली उंचीची. जाळीच्या जिन्यानं वर गेलो. तरुण शिफ्ट केमिस्टनं निरीक्षण-काचेवर बॅटरी धरली. आत तपकिरी फेस उसळत होता, सावकाश नव्हे, चांगला खदखदत, आणि खाली आग नाही. ही उष्णता यीस्टची स्वतःची. म्हणूनच वॉश, म्हणजे टाकीतलं आंबणारं द्रावण, पंपानं सतत बाहेर काढून थंड करून परत सोडावा लागतो; ३२-३३ अंशांवर ठेवायचा, त्याच्या वर चार-पाच अंश गेलं की यीस्ट मरगळतं. एप्रिलच्या उन्हात कूलिंग टॉवर हार मानतो तेव्हा उत्पादन घटतं. फेस फारच वर आला की टीआरओचे (टर्की रेड ऑइल, फेस मारणारं तेल) चार थेंब, लगेच बसतो. केमिस्टनं नळ किंचित उघडून काचेच्या भांड्यात नमुना घेतला. मी वाकून वास घेतला, तर कार्बन डायऑक्साइडचा असा झटका बसला की डोळ्यांत पाणी. मामा हसत होते. "पुस्तकात न्हवता न्हवं हा?"

मग त्यांनी स्वतः हायड्रोमीटर सोडला, मान तिरपी करून रेघ वाचली, आणि घड्याळाकडे बघून म्हणाले, "दुपारी दोनला उतरंल." प्रयोगशाळेतल्या संगणकावर अडीच दाखवत होता. टाकी दोनला दहा मिनिटं कमी असताना उतरवली.

साधारण दिवसभराहून थोड्या जास्त वेळात साखर संपते आणि वॉशमध्ये आठ-दहा टक्के अल्कोहोल राहतं. पुढचं काम यीस्टचं नाही, वाफेचं: ॲनालायझर, रेक्टिफायर, एकामागून एक उंच कॉलम. त्यानं ९५ टक्क्यांच्या आसपासपर्यंत जाता येतं, त्यापुढे पाणी सोडत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर पाणी नको, म्हणून वाफ झिओलाइटच्या मण्यांतून नेतात. मणी पाणी धरून ठेवतात, अल्कोहोल पुढे जातं. हे मणी केमिस्टनं तळहातावर दिले. साबुदाण्याएवढे, फिकट. त्यावर थेंबभर पाणी टाकलं तर तळवा चटकन गरम झाला.

दुपारी जनरल मॅनेजरांच्या खोलीत. भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, टेबलावर काचेखाली दरपत्रक. गेल्याच आठवड्यात केंद्रानं सी-हेवीच्या इथेनॉलचा दर तीन टक्के वाढवून लिटरला ५७.९७ रुपये केला होता, बी-हेवी ६०.७३, रस ६५.६१, दोन्ही जसेच्या तसे. मी यीस्टबद्दल विचारत होते आणि ते प्रत्येक वेळी दराकडे वळत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, यीस्टचा प्रश्न कधीच सुटलाय. आमचा प्रश्न ७ डिसेंबरचा आहे."

७ डिसेंबर २०२३. पाऊस कमी, साखर कमी पडेल या भीतीनं केंद्रानं हंगाम ऐन भरात असताना उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल केली, पण देशभरात मिळून १७ लाख टन साखरेइतकंच वळवायचं, अशी मर्यादा घालून. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर रसावर चालतील अशा डिस्टिलऱ्या कर्ज काढून उभारलेल्या. हप्ते चालू, टाक्या रिकाम्या. ऑगस्ट २०२४ अखेर बंदी उठली. मधल्या काळात मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये मिळू लागले आणि इथेनॉलसाठी देशातला सर्वांत मोठा कच्चा माल मका झाला.

पिंपरीच्या टपरीवरची गोष्ट इथं उलट्या बाजूनं ऐकत होते. तिथं बुरशी होती, हात तयार होते, गिऱ्हाइकाला बाहेरचा माल स्वस्त मिळाला आणि सगळं बसलं. इथं यीस्ट मामांच्या काळापासून जवळपास तेच, पण तेल कंपन्यांनी इथेनॉल ठरल्या दरानं घ्यायचं असा नियम झाला आणि २०१३-१४ मध्ये दीड टक्क्यावर असलेलं पेट्रोलमधलं मिश्रण तेव्हा, फेब्रुवारी २०२५ मध्ये, वीस टक्क्यांच्या उंबरठ्यावर आलं होतं. वाढ प्रयोगशाळेतून आली, असं मी वर्गात सांगत असे. निम्मी तरी ती राजपत्रातून आलेली आहे. ज्या गतीनं आली त्याच गतीनं एका परिपत्रकानं थांबवताही येते. ब्राझीलनं १९७५ मध्ये ऊस-अल्कोहोलचा कार्यक्रम सुरू केला, त्यांनीही तेलाच्या भावाबरोबर असे हेलकावे खाल्ले. पण त्यांच्याकडे पाऊस आहे. आपल्याकडे कालव्याची पाळी आहे.

गुरुवार: स्पेंटवॉश

डिस्टिलरीची ही बाजू पाहुण्यांना सहसा दाखवत नाहीत. मामांनी हट्ट धरला. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, निघतो: गडद तपकिरी, आम्लधर्मी, ऑक्सिजन शोषून घेणारा. ओढ्यात गेला की मासे वर येतात. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आता नियम शून्य विसर्गाचा आहे. इथं तो आधी आटवतात, मग खास बॉयलरमध्ये जाळतात. वाफ मिळते, आणि राखेतून पोटॅश, जे एरवी आपण आयात करतो. काही कारखाने आधी बंद टाक्यांत जीवाणूंकडून मिथेन काढून घेतात, उरलेलं प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात, कुजवून खत करतात.

यंत्रणा चांगली आहे. चालू असली तर. शेजारच्या वस्तीवर एका आजींनी विहिरीत बादली सोडून पाणी दाखवलं. पूर्वी कोऱ्या चहासारखं यायचं म्हणाल्या, अलीकडे बरं येतं, "पण पावसाळ्यात रात्री वास येतो, तवा आमाला कळतं." विसर्गाचे मीटर प्रदूषण मंडळाला ऑनलाइन जोडलेले आहेत. मी तरी आजींच्या नाकावर जास्त विश्वास ठेवीन.

शुक्रवार: मिरज, सांगली

देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले, ते मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात. मामांना मिरजेच्या डेपोकडे गेलेले ते सुरुवातीचे टँकर आठवतात. पाण्याचा अंश राहिला तर टाकीच्या तळाशी थर वेगळा होईल, ही सगळ्यांना धास्ती. आज डेपोबाहेर इथेनॉलच्या टँकरची रांग रोजची. पंपावर आमच्या पुढच्या दुचाकीवाल्यानं ॲव्हरेज घटल्याची तक्रार केली. ती खोटी नाही: इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिसऱ्या हिश्श्यानं कमी, आणि नीती आयोगाच्याच अहवालात जुन्या दुचाकींसाठी तीन-चार टक्के, चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरलेली आहे. मग पंपावर भाव का कमी होत नाही, हा त्याचा पुढचा प्रश्न. मामा गप्प बसले. गिऱ्हाइकाच्या बाजूनं त्यांनी आयुष्यात कधी विचारच केला नसावा.

सांगलीच्या मार्केट यार्डात मका. पोल्ट्रीवाला आणि व्यापारी हमरीतुमरीवर. मका इथेनॉलला जातोय, खाद्य महागलं, अंडी त्याच भावात विकायची कशी? व्यापाऱ्याचं म्हणणं, शेतकऱ्याला पहिल्यांदा बरा भाव मिळतोय तर तुम्हाला काय त्रास. दोघांचंही खरं. मामांचा कारखानाही धान्याचा विभाग जोडतोय, म्हणजे हंगाम संपल्यावर डिस्टिलरी रिकामी राहणार नाही. फक्त मक्यात साखर नसते, पिष्ट असतं. ते तोडायला एन्झाइमं लागतात, आणि त्यांचे कॅन बहुतेक परदेशी कंपन्यांचे. "यंत्र आपलं, यीस्ट आपलं, एन्झाइम त्यांचं," मामा म्हणाले. पेनिसिलिनची आठवण मी काढली नाही, त्यांनीच काढली.

कुणाला जायचं असेल तर: डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरा, निवडणुका आणि पाऊस बघून. कारखान्याला महिनाभर आधी पत्र द्या. डिस्टिलरीत राज्य उत्पादन शुल्काचा अधिकारी बसलेला असतो, त्याला कळवल्याशिवाय आत सोडत नाहीत. सुती कपडे, बंद बूट. विद्यार्थी नेणार असाल तर वीसच्या वर नेऊ नका, जाळीच्या जिन्यावर गर्दी चालत नाही. आणि स्पेंटवॉशचा बॉयलर दाखवा असं आधीच पत्रात लिहा. तोंडी मागितलं तर "आज मेंटेनन्स चालू आहे" असं उत्तर मिळतं.